जसं आलं तसं

“माणसं बोलत होती तेव्हा कुणाला ऐकायला सवड नव्हती. आता मेलं यंत्र आणून ठेवलंय आणि म्हणे बोला.”

सासूबाई हे नेमकं कुणाला म्हणाल्या ते सांगणं अवघड होतं. त्यांच्यासमोर भिंत होती, हातात लसूण होता आणि सून त्यांच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ उभी राहून कप विसळत होती. सासूबाईंची कुरकुर नेहमी अशीच असायची. उद्देशून भिंतीला, पण बेतलेली शेजारच्या कानाला. ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकून साबणाच्या वडीएवढं एक रेकॉर्डर उभं होतं आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

“आई, मी एवढंच विचारलं की संपाच्या वेळी तुम्ही काय करत होता.”

“कांदे सोलत होते.”

“आणि?”

“आणि काय? कांदे संपले की बटाटे.”

सुनेनं दिवा बंद केला.

ती शाळेत इतिहास शिकवायची. गावात तिला सगळे मास्तरीणच म्हणत, नवरासुद्धा. तो परगावी नोकरीला होता आणि सुट्टीला घरी आला की ‘काय मास्तरीण, आज कोणाचं साम्राज्य बुडवलंत?’ असं विचारत आत यायचा. यंदा शिक्षण खात्यानं ठरवलं होतं की मोठ्या पाठ्यपुस्तकाच्या जोडीला एक पातळ पुस्तिका काढायची. ज्यांची नावं मोठ्या पुस्तकात मावली नाहीत त्यांची. हमाल, मोलकरणी, सफाईवाल्या, तुरुंगात गेले आणि तिथंच विसरले गेले ते. ठिकठिकाणच्या शिक्षकांनी आपापल्या गावातला एकेक धडा शोधून द्यायचा. समितीच्या अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “आपल्याला त्यांचा आवाज हवाय. अस्सल. फक्त दीड पानात बसला पाहिजे.”

मास्तरणीनं डेपोचा संप घेतला. मोठ्या पुस्तकात त्या संपावर एक परिच्छेद होताच. बंदीचा काळ होता, वर्तमानपत्रांची तोंडं बांधलेली, चार माणसं एकत्र दिसली तर उचलून नेत. अशा दिवसांत बस डेपोतल्या कामगारांनी आत ठाण मांडून संप केला, तो चिवटपणे टिकवला आणि बंदीला पहिली चीर तिथून गेली. ‘संपाच्या नेत्याने भूमिगत राहून कुशल नेतृत्व केले व सर्व कामगारांना सन्मानाने परत घेण्यात आले.’ मास्तरीण हा परिच्छेद वर्षानुवर्षं शिकवत आली होती, आणि त्यातला नेता या घटकेला बाहेरच्या खोलीतून ओरडत होता, “अगं, माझा चष्मा कुठाय?”

“नाकावर,” सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

ते तिचे सासरे. सारं गाव त्यांना दादा म्हणे. ऐंशी उलटून गेली होती, पण पाठ ताठ होती आणि भाषण अजून पाठ होतं. कानात एक यंत्र असायचं. नको ते बोलणं निघालं की ते हळूच काढून टेबलावर ठेवत. घरात त्याला ‘दादांचं मौनव्रत’ म्हणत. पुस्तिकेचं प्रकाशन त्यांच्याच हस्ते व्हायचं होतं.

सासूबाई तरुणपणी त्याच डेपोच्या कँटीनमध्ये कामाला होत्या हे घरात सगळ्यांना माहीत होतं, घराच्या पायात दगड आहेत हे माहीत असतं तसं. संपानंतर त्यांनी ‘घर सांभाळायला’ नोकरी सोडली, हेही माहीत होतं. मास्तरीण सून म्हणून आली त्या दिवसापासून हे वाक्य ऐकत होती, त्याच शब्दांत, एक शब्द कधी इकडचा तिकडे नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईला यात काहीतरी खटकायला हवं होतं. माणूस आपलं स्वतःचं काही सांगतो तेव्हा दर वेळी थोडं वेगळं सांगतो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय उगाच?

“थोरलीला विचार,” सासूबाई एकाएकी म्हणाल्या.

“कोण थोरली?”

“कँटीनची मुख्य होती. शिंप्याच्या दुकानामागं राहते. तिला सगळं आठवतं.” लसणाची सालं त्यांनी मुठीत गोळा केली. “जरा जास्तच आठवतं.”

“तुमची मैत्रीण होती?”

सासूबाईंनी नळ सोडला. त्या घरात उत्तर द्यायचं नसलं की दादा कानातलं काढत आणि सासूबाई नळ सोडत.

*

थोरली खरंच थोर होती. उंचीनं, रुंदीनं आणि आवाजानं. दारातून आत जायला वाकावं लागेल अशा खोलीत ती एका लांबलचक लाकडी बाकावर बसली होती. बाक खोलीपेक्षा मोठा वाटत होता. त्याचं एक टोक पलंगाखाली घुसलं होतं.

“कँटीनचा आहे,” मास्तरणीची नजर बघून ती म्हणाली. “डेपो पाडला तेव्हा भंगारवाल्याकडनं उचलला. म्हटलं, एवढी माणसं याच्यावर बसवून जेवू घातली, एकदा आपण बसून बघू. बस. कोणाची तू?”

मास्तरणीनं सांगितलं.

थोरलीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “पुढाऱ्याची सून. बरं. त्याला आवडत नसेल तू इथं आलेलं.”

“त्यांना सांगितलं नाहीये.”

“मग त्याच्या घरात शोभतेस खरी.”

हा टोमणा कुठं लागला ते मास्तरणीला त्या दिवशी कळलं नाही. तिनं रेकॉर्डर बाकावर ठेवलं, लाल दिवा लागला, आणि थोरली बोलायला लागली. तिला विचारावं लागलं नाही. चाळीसेक वर्षं झाकण लावून ठेवलेलं भांडं होतं ते. झाकण काढायचाच अवकाश.

डेपोच्या फाटकावर पहारा होता. कँटीनचं स्वयंपाकघर फाटकाबाहेर, मागच्या अंगाला. संपवाले आत, त्यांचा पुढारी बाहेर कुठंतरी लपलेला. आतबाहेर करायची मुभा फक्त कँटीनच्या बायकांना, कारण पहाऱ्यावरच्या शिपायांनाही जेवण तिथलंच लागायचं. “तत्त्वाचं काय, भुकेला नसतं,” थोरली म्हणाली. बायकांची झडती व्हायची. पिशव्या उपड्या करत, पातेल्यात पळी घालून ढवळत, केसांचा अंबाडासुद्धा सोडायला लावत. कागदाचा कपटा आत नेणं अशक्य होतं. म्हणून बाहेरची बातमी डोक्यातून जायची.

“पण सगळी बातमी एकीच्या डोक्यात नाही हं. प्रत्येकीला एकच वाक्य. सकाळी कांदे सोलताना वाटून द्यायचं. तुला हे, तुला ते. दुसरीचं काय आहे ते विचारायचं नाही. एखादी धरली गेली तर तिच्याबरोबर एकच वाक्य जाईल, बाकीची पोचतील. आत गेलं की ताटात भात वाढता वाढता आपापलं वाक्य बोलायचं. एक भात, एक वाक्य. गड्यांनी ती जोडून घ्यायची.”

“आणि विसरलं तर?”

“विसरलं तर गप्प बसायचं. पण बदलायचं नाही. पदरचा शब्द घालायचा नाही, आलेला गाळायचा नाही. जसं आलं तसं द्यायचं. एकीनं एकदा ‘लवकरच’ असा शब्द घुसडला, गडी बिचारे दुसऱ्या दिवशी गाठोडी बांधून बसले. त्या बाईला मी पुन्हा आत नेली नाही. भांडी घासायला बसवली.”

“वाक्यं वाटायचं कोण?”

थोरली बाकाच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

“धाकटी,” ती म्हणाली. “तुझी सासू. पुढारी नवराच तिचा, तिलाच ठाऊक तो कुठं लपलाय. दोघींना थोरली-धाकटी म्हणायचे. बहिणी नव्हे गं, पातेल्याच्या जोडीदारणी. भाताचं पातेलं दोन कानांचं असायचं, एकीला उचलायचं नाही ते. एक कान माझा, एक तिचा. दुसरी कोणी कान धरला तर पातेलं कलायचं. आमचं कधी कललं नाही.”

मग तिनं शेवटच्या दिवसाचं सांगितलं. त्या सकाळी धाकटी आली ती चेहरा उजळूनच. बाकीच्या बायकांना तिनं बारीकसारीक वाक्यं दिली आणि मुख्य वाक्य स्वतःकडे ठेवलं. गोड घास माणूस आपल्या हातानं भरवतो, तसं. दोघींनी पातेलं उचललं, फाटकातून आत नेलं, आणि वाफेच्या पलीकडून धाकटी थोरलीला म्हणाली, ‘तडजोड झाली. सगळ्यांना परत घेणार.’ थोरलीनं विचारलं, ‘आपल्यालासुद्धा? संप मिटला की काम बंद, असे कागद आपल्यालाही आलेत की.’ धाकटी म्हणाली, ‘सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना.’

“दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. गड्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं लोकांनी. आम्ही मागच्या दारानं स्वयंपाकघराकडे गेलो. तिथं नवं कुलूप. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, तडजोडीत तुमचं नाव नाही. तुम्ही कामगार नव्हे, तुम्ही कँटीन.” थोरली हसली, पण डोळ्यांनी नाही. “झडतीत पोलिसांनी मारलं त्याचं नाही काही वाटलं. तो त्यांचा धंदाच. पण तिनं माझ्या तोंडावर खोटं वाक्य दिलं, पातेल्याचा कान धरून. बाकीच्यांना बोलले असते मी. तिला एक अक्षर बोलले नाही. आजतागायत नाही. बाजारात समोर आली तर मी रस्ता बदलते.”

“पण त्यांना तरी माहीत असेल का?” मास्तरणीनं विचारलं.

“नवऱ्याच्या जिवावर बातम्या वाटणारी बाई, तिला माहीत नसेल?” थोरली म्हणाली. “आणि नसेल माहीत, तर नंतर येऊन सांगायला तोंड नव्हतं? माझं दार काय परदेशात होतं?”

उठताना मास्तरणीनं शब्द दिला की लिहून झालं की छापण्याआधी वाचून दाखवीन.

*

लिहायला बसली तेव्हा तिचा हात आपोआप शाळेतल्या फळ्यावर चालतो तसा चालला. शिव्या गेल्या. ‘पुढारी’ जाऊन ‘नेते’ आले. पातेल्याचा कान गेला, कारण मुलांना ते हास्यास्पद वाटेल. आणि शेवटी तिनं लिहिलं, ‘दुर्दैवाने तडजोडीत उपाहारगृहातील महिलांचा समावेश होऊ शकला नाही.’

अध्यक्षबाई फोनवर आनंदून गेल्या. “किती संयत! आवाज आहे, आणि कुणाला दुखवतही नाही.”

नवऱ्यालाही तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दादांचं वय बघ. आईला विचारलंस का, तिला हे हवंय का?”

“तुला माहीत होतं?”

“काय माहीत असणार? लहानपणी आई मला घेऊन बाजारात जायची. ती उंच बाई दिसली की आईचा हात घट्ट व्हायचा. एवढंच.” मग घाईनं म्हणाला, “ठेवतो, बस आली.”

तिनं आठवून पाहिलं. नवऱ्याला कामावर जायला बस लागत नव्हती. तो कार्यालयाच्या वरच राहायचा.

थोरलीला धडा वाचून दाखवायला ती गेली तेव्हा थोरली बाकावर बसून पायाला तेल चोळत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “हे कोण बोलतंय?”

“तुम्हीच. म्हणजे, पुस्तकाच्या भाषेत.”

“‘समावेश होऊ शकला नाही.’” थोरलीनं ते शब्द नीट, लहान मूल कडू औषध गिळतं तसे उच्चारले. “कुणाच्यानं होऊ शकला नाही? पाऊस आला होता? दरड कोसळली होती?”

मास्तरणीनं कागदावर पुन्हा पाहिलं. त्या वाक्यात खरंच कुणी नव्हतं. ना सही करणारा हात, ना कुलूप लावणारा, ना कुलुपासमोर उभी राहिलेली बाई. वर्षानुवर्षं ती मुलांना अशीच वाक्यं पाठ करायला देत आली होती. ‘घेण्यात आले’, ‘करण्यात आले’, ‘होऊ शकले नाही’. सगळा इतिहास जणू आपसूकच घडत गेला होता, दुधावर साय धरावी तसा.

“तू मला सांग पोरी,” थोरलीचा आवाज उतरला, आणि तो उतरलेला आवाज जास्त लागला. “आम्हाला तेव्हा कुणी विचारलं नाही, ते एक वेळ ठीक. तू विचारलंस. मी सांगितलं. आणि तू माझ्या वाक्यातला शब्दन् शब्द बदललास. आमच्यात तुला दुसऱ्या दिवशी आत नेलं नसतं.”

“भांडी घासायला बसवलं असतं,” मास्तरीण हळूच म्हणाली.

थोरलीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग ती म्हणाली, “जसं मी बोलले तसं लिही. शिव्या एक-दोन काढ हवं तर, पोरं आहेत. आणि ते त्याच्यासमोर वाच. मी येते. तो खोटं म्हणाला तर खोटं. माझं म्हणणं मी परत घेऊन घरी जाईन. पण त्याच्या पाठीमागं नको. पाठीमागून एकदा झालंय, पुरे.”

*

घरी आल्यावर मास्तरणीनं सासूबाईंना सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोंबडं कितीही झाकलं तरी आता उजाडलंच होतं.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ऐकताना त्यांनी दादांचा एकच सदरा तीनदा घडी केला आणि उलगडला.

“ती इथं येणार? या घरात?”

“सुट्टीच्या दिवशी दुपारी. आई, तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता जाऊन नको म्हणून सांगते. धडाही मागे घेते. दुसरा लिहीन, हमालांवर.”

“हमालांनी काय घोडं मारलंय?” सासूबाई सदऱ्याला म्हणाल्या.

मास्तरीण त्यांच्यासमोर बसली. “आई, एक विचारू? तुम्हाला माहीत होतं का?”

नळ तिथं नव्हता. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, जणू कुठंतरी सापडेल. मग त्या म्हणाल्या, “मी जसं आलं तसं दिलं.”

“मग त्यांना कधी सांगितलं का नाहीत?”

“काय सांगणार? मी खरी म्हणायचं तर खोटं कोण ते सांगावं लागतं. गडी कामावर लागले होते, पोराबाळांच्या तोंडी घास पडला होता, आणि हे गल्लोगल्ली भाषणं करत होते. तेव्हा नाही सांगितलं. मग नंतर सांगायला कारण उरलं नाही.” त्यांनी सदरा बाजूला ठेवला. “एकदा गेले होते तिच्या दारापर्यंत. आतून तिचा आवाज आला, कुणाला तरी रागावत होती. बरं वाटलं ऐकून. तशीच परत आले.”

“आणि घर सांभाळायला नोकरी सोडली, हे वाक्य कुणाचं?”

बाहेरच्या खोलीकडे सासूबाईंची मान वळली, जेमतेम, झोपेत कूस बदलावी तेवढी. तेही वाक्य त्यांनी इतकी वर्षं जसं आलं तसंच दिलं होतं, हे मास्तरणीच्या आत्ता ध्यानात आलं.

“येऊ दे तिला,” त्या उठत म्हणाल्या. “खुर्ची नको पण. तिला खुर्चीत बसवत नाही, पाठ अवघडते. पलंगावरची चादर बदल.”

*

दादांना मास्तरणीनं सगळं सांगून ठेवलं होतं: कोण येणार, काय वाचणार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कानातलं काढलं आणि म्हणाले, “जेवणाला काय आहे?”

थोरली आली ती धुतलेली साडी नेसून, काठी टेकत. दारात क्षणभर थांबली. घर तिनं पहिल्यांदाच आतून पाहिलं असावं. भिंतीवर दादांची मानपत्रं ओळीनं लावलेली होती. तिनं ती बाजारात भाजी पाहावी तशी एका नजरेत पाहिली आणि पुढं निघाली.

“काय पुढारी, बरे आहात?”

“या, या,” दादा म्हणाले. त्यांचं यंत्र समोरच्या टेबलावर चष्म्याच्या घराशेजारी होतं. ‘या’ म्हणायला ऐकू यावं लागत नाही.

थोरली पलंगावर बसली. मास्तरणीनं रेकॉर्डर टेबलावर ठेवलं. कागद हातात घेतले तोच स्वयंपाकघरातून भांडं सरकवल्याचा खरखर आवाज आला. मग दारात सासूबाई दिसल्या. हातात कपबशा नव्हत्या. दोन कानांचं मोठं पातेलं होतं, त्यात काठोकाठ चहा. चार माणसांसाठी. त्या हातांना आज मापच राहिलं नव्हतं. थोरली येणार म्हटल्यावर ते थेट कँटीनमध्ये जाऊन पोचले होते.

पातेलं कलत होतं. उंबरठ्यावर चहा सांडायच्या बेतात आला. मास्तरीण उठेपर्यंत थोरलीच उठली होती. काठी पलंगाला टेकून तशीच राहिली. तिनं पुढं होऊन दुसरा कान धरला, पदराचं टोक मध्ये घालून, आणि दोघींनी एकदम पाऊल उचललं. पातेलं सरळ झालं, पाण्याच्या पातळीसारखं. टेबलाशी येऊन दोघींनी ते एकाच वेळी खाली ठेवलं.

मग थोरलीला भान आलं. तिनं हात असा मागे घेतला जसं काही पातेलं आत्ता तापलं. ती पुन्हा पलंगावर जाऊन बसली आणि काठी घट्ट धरली. सासूबाई उभ्याच राहिल्या, हात पदरात गुंडाळून.

“एवढा चहा?” दादा म्हणाले. त्यावर कुणी हसलं नाही.

“वाच,” थोरली म्हणाली.

मास्तरणीनं वाचलं. या खेपेला तिनं काही गाळलं नव्हतं, काही घातलं नव्हतं. फाटक, झडती, सोडलेले अंबाडे, एक भात एक वाक्य. तिच्या स्वतःच्या तोंडून थोरलीचे शब्द निघताना तिला ते विचित्र जड वाटत होते, दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखे. दादा खिडकीबाहेर पाहत होते. ती शेवटच्या दिवसाशी आली. पातेल्याचा कान आला, वाफ आली. ‘धाकटी मला म्हणाली, सगळ्यांना परत घेणार. मी म्हटलं, आपल्यालासुद्धा? ती म्हणाली, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला कुलूप होतं. पुढाऱ्यानं आमच्याशिवाय सही केली होती आणि धाकटीला ते माहीत होतं.’

कागद संपले. बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. चहावर साय धरायला लागली होती.

सासूबाईंनी तोंड उघडलं, आणि मास्तरणीला वाटलं, आता. पण त्या म्हणाल्या, “चहा निवतोय.”

“निवू दे,” थोरली म्हणाली. थोरलीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग काठीवर भार देऊन उठायला लागली. “चल. वाचून झालं. ऐकू न येणाऱ्याला काय विचारायचं? तुझे कागद ठेव तुझ्याकडे, मास्तरीण. माझं मी नेते.”

मास्तरणीनं रेकॉर्डर बंद करायला हात पुढं केला.

“राहू दे ते.” हे दादा म्हणाले. त्यांनी टेबलावरचं यंत्र उचललं, पण त्यांच्या बोटांना ते कानात बसवता येईना. एरवी सासूबाई पुढं होऊन बसवून देत. आज त्या हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी ते तसंच तळहातात धरून ठेवलं. त्याची गरजही नव्हती. खोली लहान होती आणि मास्तरणीचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“संप मोडत आला होता,” ते म्हणाले. भाषणातला आवाज होता तो, सुरुवात तशीच होती. “आतले गडी थकले होते. सरकारनं अट घातली, कँटीन ठेकेदाराचं, त्याचा या तडजोडीशी संबंध नाही. तेव्हाच्या परिस्थितीत असा निर्णय घेण्यात–”

ते थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरली अर्धवट उठलेली, काठीवर ओणवलेली, तशीच होती. भाषण त्यांच्या तोंडातून गळून गेलं. राहिला एक म्हातारा, ज्याच्या मुठीत एक छोटंसं यंत्र बारीक शिट्टी वाजवत होतं.

“हिनं मला विचारलं होतं,” ते म्हणाले. “मी लपलो होतो त्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, वाक्य घ्यायला आली तेव्हा. म्हणाली, कँटीनच्या बायकांनासुद्धा ना? मी म्हटलं, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. सही आदल्या दिवशीच झाली होती.”

सासूबाईंनी पदरातून हात काढले. टेबलाच्या कडेवर ठेवले.

दादांनी बायकोकडे पाहिलं नाही. त्यांना ते जमलं नसावं. ते थोरलीकडेच पाहत राहिले, आणि ताटात भात वाढता वाढता बोलायचं असावं तसं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, म्हणाले:

“मला माहीत होतं, थोरले. धाकटीला नव्हतं.”